बसून खाणारी डबी

१

लिफ्टच्या विजेच्या पेटीतून चोरीला काय गेलं होतं, तर काड्यापेटीएवढी एक राखाडी डबी. सोनं नाही, चांदी नाही, डबी! पण त्या डबीपायी लोटूच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली होती. आणि त्याच डबीपायी विशाखाचे बाबा या क्षणी, भर दुपारी, मार्केटच्या चौकीत कोंडून पडले होते.

सत्त्याण्णव सालचा जून, सुरत शहर, पर्वत पाटियाजवळचं तीन मजली कापड मार्केट. उकाडा असा की डोक्याचं तेल आपोआप मानेवर उतरावं. अकरा दिवसांपूर्वी सकाळी लोटू दुसऱ्या मजल्यावर साड्यांच्या गाठी लिफ्टमधून ओढून काढत होता. लिफ्ट थांबलेली, मोटर बंद, बटणाजवळ कुणी नाही. आणि ती चक्क आपली आपण खाली घसरली! लोटूचा पाय तेव्हा उंबऱ्यावर होता.

रामजी, म्हणजे विशाखाचे बाबा, मार्केटचे वायरमन. त्यांनी पेटी उघडली, आत डोकावले आणि म्हणाले, "ब्रेकची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेची टोकं एकमेकांना चिकटलीत. ब्रेक उघडाच राहिला. टोकांवर मी बसवलेली डबी कुणीतरी काढून नेलीय."

"कुणीतरी म्हणजे कोण?" सुपरवायझर गजेंद्र तिथेच ओरडला. "पेटीला हात लावणारा एकच माणूस. तू! आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, अख्खं मार्केट खानदेशात गावी गेलं होतं. चार दिवस इथं तू एकटा. तेव्हाच काढून विकली असशील."

झालं. आज मार्केटची सुट्टी. पाच वाजता सेठ पोलिसांना घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात यायचे होते. तिथं साक्षी व्हायच्या, आणि मग रामजींची नोकरी जायची, मार्केटमागची राहायची खोली जायची, वर चोरीचा शिक्का बसायचा तो वेगळाच. पळून जाऊ नयेत म्हणून गजेंद्रनं त्यांना तळमजल्यावरच्या वॉचमनच्या चौकीत बसवलं, कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकली.

साक्षीला दोघं होते. वॉचमन बळीराम, आणि साड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकांची मुकादम मालतीबाई. मालतीबाई म्हणजे लोटूची सख्खी थोरली बहीण. अपघातापासून त्या कुणाशी धड बोलत नव्हत्या. दवाखान्याचा डबा भरायचा, न्यायचा, आणायचा, एवढंच. आजही साक्ष झाली की तिकडेच जायचं म्हणून डबा हातात होता.

आणि न बोलावता आलेली तिसरी, विशाखा. यंदा दहावीत जाणार. वर्गात एकेकाळी हजेरी देतानाही जिचा आवाज फुटत नसे, ती गेल्या वर्षी विज्ञानात पहिली काय आली, तेव्हापासून तिला जगातलं सगळं समजू लागलं होतं. निदान तिचं स्वतःचं मत तरी तसंच होतं.

"तू कुठं निघालीस, टीचर?" गजेंद्रनं तिला लिफ्टच्या तोंडाशी अडवलं.

"तुमच्या मागोमाग, गजेंद्रभाई. बाबांच्या बाजूनं बोलायला कुणी नको का?"

"ये, ये. आपल्या डोळ्यांनीच बघ." त्यानं दोन गाठी आत ढकलल्या, तिघांना आत घेतलं आणि सरकती जाळी ओढली. "मी बाहेरच्या मिस्त्रीकडून नवा रिले बसवून घेतलाय. दहा दिवसांत एक तक्रार नाही. डबीबिबी काही लागत नाही, सगळी रामजीची थाप! बघ कशी लोण्यासारखी जाते."

लिफ्ट लोण्यासारखी गेली. दुसऱ्या मजल्यापर्यंत. मग दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधोमध, समोर नुसती विटांची भिंत असताना, ती खाडकन थांबली.

२

गजेंद्रनं बटण दाबलं. मग जोरात दाबलं. मग अंगठ्यानं, मग मुठीनं. वर मोटर घुमली आणि गप्प झाली.

"कोई है?" तो ओरडला. "अरे, कोई छे के नहीं?"

सुट्टीच्या दिवशी कोण असणार? पण आवाज आला. खालून, खोलातून, विशाखाच्या अगदी ओळखीचा.

"बटण दाबू नका!" चौकीची खिडकी लिफ्टच्या जाळीला लागूनच होती. रामजी तिथूनच ओरडत होते. "पेटीतला रिले चटचट करतोय, इथं मला ऐकू येतंय. टोकं जळालीत त्याची. दर चट्ट आवाजाला ब्रेक जरासा सुटतोय. मागच्यासारखी टोकं चिकटली तर ब्रेक उघडाच राहील. मेन स्विच बंद करायला पाहिजे!"

"मग कर ना बंद!" गजेंद्र.

"कसा करू? दाराला कुलूप घालून चावी कुणी नेलीय?"

तिघांचे डोळे गजेंद्रच्या शर्टाच्या खिशावर जाऊन थांबले. त्यानं खिशावर हात ठेवला.

"चावी खाली सोडा, गजेंद्रभाई," विशाखा म्हणाली. "उंबऱ्यापाशी चार बोटांची फट आहे. सुतळीला बांधून सोडली की बाबा खिडकीतून घेतील. चौकीचं कुलूप आतूनही उघडतं."

"वा! म्हणजे चोरानं कुलूप उघडायचं आणि स्टेशन गाठायचं? तासाभरात सेठ येतील. तोवर बसा गुपचूप."

"आणि तोवर लिफ्ट पडली म्हणजे?"

"पडत नाही. नवा रिले आहे!"

चट्ट!

पायाखालची जमीन नाहीशी झाली. वीतभरच, पण मालतीबाईंच्या हातातला डबा खणकन आदळला, बळीराम "माय वं माय!" करत गाठीवर बसला, आणि समोरच्या भिंतीतली एक वीट वर सरकून दिसेनाशी झाली.

३

मग काहीच झालं नाही. हेच जास्त भयंकर होतं. पुन्हा कधी घसरेल ते कळायला मार्ग नाही, हलायची सोय नाही, वारा नाही. चार माणसं, दोन गाठी आणि समोर विटा. घामाचा, खोबरेल तेलाचा आणि कोऱ्या कापडाच्या खळीचा वास एकमेकांत मिसळून गेला होता. आपण काडेपेटीत कोंडलेला भुंगा आहोत असं विशाखाला वाटलं. रडू आलं. पण रडून काय होणार होतं? पाच वाजता जाळीपलीकडे पोलीस उभे राहिले असते, आणि बाबा चोर ते चोरच.

तिनं नाक पुसलं. "तुम्ही साक्षीच द्यायला निघाला होता ना? मग इथंच द्या. वेळ भरपूर आहे."

"तू कोण गं फौजदारीण?" गजेंद्र म्हणाला.

"मी नववीत विज्ञानात पहिली. बळीरामकाका, तुमचा रेडिओ चौकीतच असतो ना? पेटीच्या अलीकडे?"

"हो तं. पण त्याचं काय सांगू, पोरी? जळगाव केंद्र लागतं, मस्त गाणी चालू असतात, आणि लिफ्ट थांबली की कडाड्! जसा कानात कुणी फटाका लावला. मी म्हणलो सेल गेले. नवे घातले. तरी कडाड्!"

विशाखाचे डोळे लकाकले. हेच तर बाबांनी तिला एकदा वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं होतं. ब्रेक म्हणजे लोखंडावर तारेची भलीमोठी गुंडाळी. तिच्यात वीज असली की ब्रेक उघडतो, वीज तुटली की घट्ट बसतो. रिलेनं तिची वीज एकदम तोडली की गुंडाळीत साठलेलं बळ ऐकत नाही. ते टोकांमधल्या फटीतून उडी मारतं. निळी ठिणगी! ती ठिणगी टोकं जाळते, कधी वितळवून चिकटवते, आणि आसपासच्या रेडिओत कडकडते. म्हणून टोकांवर ती डबी जोडायची. तिच्या पोटात एक कंडेन्सर आणि एक रेझिस्टन्स. बळाला बाजूची वाट मिळते आणि उडी तिथंच विरते.

"काका, नीट आठवा. कडाड् सुरू कधी झालं? आखाजीहून परत आल्या आल्या?"

"नाही, नाही. आखाजीहून आलो तवा रेडिओ चकाचक." बळीरामनं टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "पुनवेचा दिवस होता. तुमची बुद्धपौर्णिमा. सकाळी गाणी ऐकली, बराबर. दुपारी जेवणाच्या टायमाला लाईट गेली. लाईट आली, लिफ्ट चालू झाली, तवापासून कडाड्!"

"म्हणजे डबी आखाजीला गेलीच नाही!" विशाखा उभी राहिली, लिफ्ट जराशी कुरकुरली, ती पटकन खाली बसली. "ती त्या दुपारी गेली. आणि त्या दुपारी बाबा, आई आणि मी भेस्तानच्या विहारात होतो, सकाळपासून. रजेच्या चिठ्ठीवर सही कुणाची आहे, गजेंद्रभाई?"

गजेंद्रच्या कपाळावरचा घाम भुवईत उतरला. सही त्याचीच होती.

"रेडिओच्या कडाड्वर मी विश्वास ठेवू?" तो म्हणाला, पण आवाजातली हवा गेली होती. "ठीक आहे, त्यानं नाही काढली. मग काय मी काढली? मला काय करायचीय डबी?"

"बघितलीत तर पंख्यात घालावी अशी दिसते ती. राखाडी, चपटी, दोन वायरी."

"पंखा?" गजेंद्र कडवट हसला. "पंख्याचं नाव नको काढूस. घडीखात्यातल्या बायकांनी त्यांच्या पंख्यात कुठून तरी नवा कंडेन्सर बसवून घेतला, मला सांगितलंसुद्धा नाही. आणि मिळालं काय? अजून काठीनं ढकलल्याशिवाय फिरत नाही, आणि फिरला तरी बैलगाडीचं चाक बरं! हो ना, मालतीबाई?"

मालतीबाई भिंतीकडे बघत होत्या.

विशाखाच्या डोक्यात मात्र ठिणगी पडली. नवा कंडेन्सर घालूनही पंखा फिरत नाही? मग तो कंडेन्सर पंख्याचा नाहीच! पंख्याला लागणारा केवढा, आणि ठिणगी शमवणाऱ्या डबीतला केवढासा. पंचवीस पट लहान. त्यात पंख्याला धक्का द्यायची ताकद कुठून येणार?

म्हणजे डबी या क्षणी त्यांच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावरच्या पंख्यात होती! पण घडीखात्यात चाळीस बायका. कुणी काढली?

चट्ट! चट्ट!

या वेळी लिफ्ट हातभर घसरली, आणि थांबताना अशी हिसडली की गजेंद्र गुडघ्यांवर आला. खालून रामजींचा आवाज फाटला. "विशाखा! विशू, बरी आहेस ना? गजेंद्र, अरे लेकरू आहे त्यात! चावी टाक!"

गजेंद्रनं खिशातून चावी काढली.

४

"सुतळी!" विशाखा ओरडली. गाठींना चारी बाजूंनी सुतळीचे वेढे होते. "कापायला काय आहे?"

मालतीबाईंच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला दोरे कापायची छोटी कातर लोंबत असे, घडीखात्यातल्या प्रत्येक बाईच्या असते तशी. त्यांनी ती काढून दिली. काढताना क्षणभर मुठीत धरून ठेवली. विशाखाला ते तेव्हा उमगलं नाही.

तिनं सुतळीवर कातर दाबली. सुतळी तुटली, पण मधला एक धागा तसाच राहिला. पुन्हा दाबली. पुन्हा तोच प्रकार. तिनं कातर डोळ्यांजवळ नेली. पात्याच्या मधोमध उंदरानं कुरतडल्यासारखी एक खाच होती.

आणि विशाखाचे हात जागच्या जागी थिजले.

कारण सकाळी, गजेंद्रची पाठ वळताच, ती पेटीत डोकावून आली होती. डबीच्या कापलेल्या वायरींची दोन थोटकं तिथं तशीच होती. वायरमनची पक्कड तार चिमटून कापते. टोक दोन्हीकडून चपटं होतं. ही टोकं तशी नव्हती. सपाट कापलेली, आणि बरोबर मधे एक बारीक नाक पुढे आलेलं. सकाळी तिला त्याचा अर्थ लागला नव्हता. आता लागला. खाचेत सापडलेली तार तुटत नाही, ओढून काढावी लागते. आणि तांब्याच्या तारेवर चालवल्याशिवाय नाजूक कातरीला अशी खाच पडेल कशाला? वायरी कापणारी कातर हीच.

तिनं मान वर केली. "मावशी."

मालतीबाई तिच्याकडेच बघत होत्या. कधीपासून, कोण जाणे.

"आधी चावी सोड, पोरी," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग बोल."

सुतळीचे तुकडे जोडले, गाठी मारल्या, चावी बांधली. विशाखा पोटावर पालथी पडून फटीतून वाव वाव सुतळी सोडत राहिली. खाली चावी जाळीवर किणकिणली, ओढ बसली, सुतळी सैल पडली. मग कुलूप उघडल्याचा आवाज. मग धावती पावलं. मग एक मोठा खटका, आणि लिफ्टमधला दिवा गेला.

"मेन बंद!" रामजी ओरडले. "आता ब्रेक घट्ट आहे, हलणार नाही. मी गच्चीवर जातो, हातानं चाक फिरवून वर घेतो तुम्हाला. घाबरू नका!"

त्या अंधारात मालतीबाईंनीच सुरुवात केली. अंधार होता म्हणून बरं झालं असावं.

"मीच काढली गं ती."

"काय?" गजेंद्र किंचाळला.

"थांबा हो, बोलू द्या. आमच्यातल्या सुंदराला सहावा महिना. मे महिन्याचा उन्हाळा, वर तापलेली गच्ची, चाळीस बायका आणि पंखा मेलेला. ती माझ्यासमोर चक्कर येऊन पडली. पंख्याची चिठ्ठी मी एकदा नाही, तीनदा दिली." त्या थोड्या थांबल्या. "विशू, माझ्या घरचा पंखा तुझ्याच बाबांनी दुरुस्त करून दिला होता. मी बाजूला उभी राहून बघितलं. दोन वायरी तोडायच्या, दोन जोडायच्या. तेव्हा ते हसत म्हणाले, ‘मालतीबाई, अशीच एक डबी मी लिफ्टच्या पेटीत घातलीय. तिथं ती नुसती बसून खाते. नसली तरी लिफ्ट चालतेच.’"

वरून चाकाची पहिली करकर आली. लिफ्ट बोटभर वर सरली.

"पुनवेच्या दुपारी लाईट गेली. सगळे जेवायला बसले होते. मी म्हटलं, बसून खाणारी आहे, आमच्याकडे येऊन जरा राबू दे. लाईट आल्यावर लिफ्ट खरंच चालली. एक दिवस, दोन दिवस, सतरा दिवस. पंखा काही फिरला नाही, पण मी विसरूनही गेले. आणि मग लोटू..." वर चाक पुन्हा करकरलं. "आई गेली तेव्हा दीड वर्षाचा होता तो. मी वाढवलाय त्याला. आणि मीच त्याचा पाय..."

विशाखानं कितीदा मनात रंगवलं होतं, की गुन्हेगार सापडला की आपण बोट रोखून कसं म्हणू, ‘हाच तो!’ आता तिचं बोट वर झालंच नाही. त्या अंधारात ती चाचपडत सरकली आणि तिनं मालतीबाईंचा हात धरला. हात थंडगार होता, एवढ्या उकाड्यात.

"अकरा दिवस गप्प का राहिलात?" बळीरामनं हळूच विचारलं.

"तोंड उघडलं की पहिलं लोटूलाच कळणार ना, भाऊ."

करकर, बोटभर. करकर, बोटभर. गजेंद्र मधेच एकदा खोकला.

५

जाळीपलीकडे उजेड वाढत गेला. आधी चार पाय दिसले. दोन पांढऱ्या मोजड्या, दोन खाकी बूट. मग सेठ, मग हवालदार.

"आ शुं चाले छे? काय चाललंय हे?" सेठ म्हणाले. "गजेंद्र, ती डबी चोरणारा कुठाय?"

विशाखानं तोंड उघडलं. तिच्याकडे तारखा होत्या, रेडिओ होता, थोटकं होती, सगळं ओळीनं तयार होतं. मालतीबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला मागे घेतलं आणि स्वतः आधी बाहेर पडल्या.

"रामजीभाऊंनी चोरली नाही, सेठ. मी काढली. पंख्यासाठी. तुमच्या घडीखात्याच्या पंख्यात आहे, चला, दाखवते."

सेठच्या भुवया वर चढल्या. हवालदारानं बगलेतली वही काढली. आणि तेवढ्यात गजेंद्र, ज्याच्याकडून कुणाचीच काही अपेक्षा नव्हती, तो जाळी धरून उभा राहिला. त्याचा इस्त्रीचा शर्ट पोतेऱ्यासारखा झाला होता.

"सेठ, पंख्याची चिठ्ठी तीनदा आली होती. माझ्याकडे. मी एकदाही वर पाठवली नाही." त्यानं हवालदाराच्या वहीकडे पाहिलं. "आणि रामजी म्हणाला होता, डबीशिवाय रिले टिकणार नाही. मी मुद्दाम तशीच चालवली. त्याला खोटं पाडायला."

गच्चीच्या जिन्यावरून रामजी उतरले. कोपरापर्यंत काळं ग्रीस. विशाखा धावत जाऊन त्यांना बिलगली आणि आपल्या चांगल्या फ्रॉकचं वाटोळं करून घेतलं.

"दोष थोडा माझाही आहे, सेठ," सगळं ऐकून ते म्हणाले. "जी डबी रोज ठिणगी गिळते, तिला मी मजेत बसून खाणारी म्हणालो. पेटीला कुलूप लावायचं तेही राहिलं."

सेठनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग हवालदाराला म्हणाले, "तमे जाव, भाई. ही घरातली गोष्ट आहे." रामजींना म्हणाले, "डबी बसव, कुलूप लाव." गजेंद्रला म्हणाले, "तू ऑफिसात ये." मालतीबाईंच्या हातातल्या डब्याकडे मात्र ते नुसते बघत राहिले, आणि आत निघून गेले.

बाबा सुटले! विशाखाला नाचावंसं वाटत होतं. रहस्य उलगडलं, संपलं, आता घरी जाऊन आईला पहिल्यापासून सांगायचं, मधे मधे थोडं वाढवून.

"विशू."

मालतीबाई जिन्याच्या तोंडाशी थांबल्या होत्या.

"सेठला सांगितलं ते सोपं होतं गं. आता लोटूला सांगायचंय. एकटीनं पायच उचलत नाही. येतेस?"

तारखा, थोटकं, पंचवीस पट लहान कंडेन्सर, यातलं काहीच तिथं कामाचं नव्हतं. बिछान्यावर पडलेल्या माणसाला असं काही कसं सांगतात, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तिनं बाबांकडे पाहिलं. त्यांनी ‘जा’ म्हणून मान डोलावली.

तिनं मालतीबाईंच्या हातातला डबा घेतला. वरणाची ऊब अजून होती.

"चला, मावशी," ती म्हणाली, आणि दोघी एकेक पायरी मोजून टाकत जिना उतरू लागल्या.